मार्था वाढत होती

“मॅडम, मी ढोंगी आहे.” खुर्चीत नीट टेकायच्या आधीच ताई हे बोलून मोकळ्या झाल्या.

वय 47, नगर तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षिका. (त्यांच्या परवानगीनेच लिहिते आहे, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. दर शुक्रवारी घरी प्रार्थनासभा, पंचवीस-तीस माणसं, सभा उठली की चहा-पोहे. रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कोणी बाहेरगावचे वक्ते आले, तर जेवायला हमखास यांच्याकडे. डिसेंबरात कॅरल म्हणणारी पोरं रात्री बारालाही दारात. आणि सासूबाईंचा लौकिक असा की या उंबऱ्यावरून कुणी उपाशी गेलं नाही.

“मागच्या शुक्रवारी बेल वाजली आणि माझ्या तोंडून निघालं, आले मेले! मग दार उघडून हसून म्हटलं, सलाम, या ना. बायबलात पेत्र त्याच्या पत्रात लिहितो, कुरकुर न करता पाहुणचार करा. माझी तर आतून सारखी कुरकुर चालू असते. मग देव माझी सेवा घेतो तरी का?”

समुपदेशन करताना हा प्रश्न घेऊन येणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. शब्द वेगळे असतात, पण भीती हीच, की मन मागे राहतंय आणि हात नुसते राबताहेत. त्यांना कुणी ना कुणी आधीच सांगितलेलं असतं, जास्त प्रार्थना करा. या ताई पहाटे साडेचारला उठून प्रार्थना करत होत्या. आणखी कुठून वेळ आणणार?

मी आधी विचारलं, झोप किती? पाळी कशी आहे? त्या चमकल्या. पाळी वर्षभर फार जात होती आणि जिना चढताना धाप लागत होती. डॉक्टरांकडे पाठवलं, तर हिमोग्लोबिन 8.4 निघालं. प्रौढ बाईचं किमान 12 तरी असावं. रक्त कमी असलेल्या बाईला आपण विश्वास कमी पडतोय असं वाटू द्यावं, याचं मला आजही वाईट वाटतं. औषधं सुरू झाली. थकवा हळूहळू उतरला, कुरकुर मात्र राहिली. म्हणजे मूळ आणखी कुठे तरी होतं.

मग त्यांना महिनाभर एका वहीत लिहायला सांगितलं: कोण आलं, कुणी बोलावलं, कुणी रांधलं. महिन्यात 14 वेळा माणसं आली. बोलावणं 9 वेळा पतीचं, 3 वेळा मंडळीचं, 2 वेळा नणंदेचं. रांधलं चौदाही वेळा ताईंनी. बोट फिरवत त्यांनी तो रकाना पुन्हा वाचला आणि हळूच म्हणाल्या, “मी कुणालाच बोलावलं नाही.”

संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो, असं बायबलात प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला लिहितो. त्याच वचनात तो हेही म्हणतो की ज्याने त्याने आपल्या मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, भाग पडतं म्हणून देऊ नये. ताईंना ठरवायला कधी मिळालंच नव्हतं. जे आपण दिलेलंच नाही, ते खुशीने कसं देणार? कुरकुर हे मला पापापेक्षा ठणक्यासारखं वाटतं. दात ठणकतो तेव्हा आपण दाताला रागवत नाही.

“पण मार्थेला प्रभू बोललाच ना,” त्या म्हणाल्या. हे नाव निघणार हे ठाऊकच होतं. येशू घरी आला तेव्हा मार्था पाहुणचारात गुंतली आणि बहीण हातभार लावत नाही म्हणून तिने तक्रार केली, तेव्हा तो तिला बोलला. बोलला तो तिच्या काळजीबद्दल आणि दगदगीबद्दल. स्वयंपाक करू नकोस असं तो कुठेच म्हणत नाही. मी त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय उघडायला लावला. वल्हांडण या यहुदी सणाच्या सहा दिवस आधी, बेथानी गावात येशूसाठी जेवण चाललेलं, आणि तिथे लिहिलंय, मार्था वाढत होती. ताईंनी ते दोनदा वाचलं. मग पेत्राचं तेच पत्र काढलं. कुरकुरीच्या वचनानंतर दोनच वचनांवर तो म्हणतो, सेवा करणाऱ्याने देव देईल त्या शक्तीप्रमाणे करावी. घराण्याच्या लौकिकाप्रमाणे करा, असं म्हणत नाही.

चौथ्या भेटीला पती आले. सज्जन माणूस, जरा दुखावलेला. “आमच्या आईने कधी तक्रार केली नाही.”

“आईला कधी कुणी विचारलं होतं?”

बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, “आई शेवटी जेवायची. पातेल्याला लागलेलं भाकरीने पुसून.” पुढे बोलता येईना, तेव्हा मी पाणी दिलं.

नंतर आम्ही नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा सहावा अध्याय वाचला. विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय अशी कुरकुर झाली (तिथेही कुरकुरच), तेव्हा प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या मुख्य शिष्यांनी, कुणाला गप्प बसवलं नाही. पंगतीच्या सेवेसाठी सात जण नेमले. सातही पुरुष होते, पुढे पहिला हुतात्मा ठरलेला स्तेफनसुद्धा. हे वाचून ते पत्नीकडे बघत राहिले.

आता शुक्रवारची सभा चार घरांत आळीपाळीने होते, नुसत्या चहावर. पाहुण्याला हो म्हणायच्या आधी पती घरी फोन करतात. नणंद अजून नीट बोलत नाही. ते ताईंना सलतं, आणि त्यावर आमचं काम चालू आहे.

एकदा मी विचारलं, तुम्हाला कुणाला बोलवावंसं वाटतं? शाळेजवळ खोली घेऊन राहणारी एक नर्सिंगची विद्यार्थिनी त्यांना आठवली, नवापूरकडची. ड्युटीमुळे नाताळला घरी जाता येणार नव्हतं. नव्या करारात पाहुणचारासाठी जो ग्रीक शब्द आहे, त्याचा अर्थच परक्यावरची माया असा होतो. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

जानेवारीत ताई आल्या तेव्हा म्हणाल्या, “नाताळला रात्रपाळी करून आली होती पोरगी. केक, करंज्या राहू द्या म्हणाली, भाकरी आहे का? पिठलं टाकलं. तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि दिवाणावर तशीच झोपली, बूटसुद्धा न काढता. मी बूट काढले आणि शेजारी मटार सोलत बसले.”

“आणि कुरकुर?”

त्यांनी आठवून पाहिलं. “संध्याकाळी ती उठली तेव्हा दोन किलो मटार सोलून झाले होते, मॅडम. एवढंच आठवतंय.”