कोणती फॅमिली कार दहा-पंधरा वर्षं खरोखर टिकते? बरीच वर्षं एकच गाडी वापरलेल्यांनी अनुभव सांगावेत

साधं पेट्रोल इंजिन, टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) नसलेलं. गिअरबॉक्स हाताचा, नाहीतर जुन्या पद्धतीचा टॉर्क कन्व्हर्टरवाला (इंजिनाची ताकद तेलातून पुढे देणारा) ऑटोमॅटिक. मॉडेल बाजारात येऊन दोन-तीन वर्षं झालेलं, आणि तेच इंजिन त्या कंपनीच्या आणखी दोन-चार गाड्यांत बसवलेलं, म्हणजे सुटे भाग पुढेही मिळत राहतात. ‘कोणती’ ह्याचं माझं उत्तर एवढंच. कंपनीचं नाव घेणार नाही. एकाच कंपनीचं एक इंजिन वीस वर्षं कुरकुर न करता चालतं आणि दुसऱ्याची टायमिंग चेन (व्हॉल्व्ह वेळेवर उघडमीट करवणारी साखळी) लाख किलोमीटरच्या आत सैल पडते. नावाकडे बघू नका, इंजिन आणि गिअरबॉक्सकडे बघा.

पण तुम्ही ‘बरीच वर्षं वापरलेल्यांनी’ सांगा म्हणालात आणि तिथे मला राहवलं नाही. असल्या प्रश्नांना उत्तरं देतात ते बहुतेक दोन-तीन वर्षं झालेले मालक. ‘आजवर काहीच त्रास नाही.’ नसणारच. पहिल्या तीन वर्षांत धड बांधलेली कुठलीही गाडी त्रास देत नाही. अमेरिकेतल्या जे. डी. पॉवरचा टिकाऊपणाचा जो अहवाल सगळे पुढे करतात, तोही तीन वर्षं वापरलेल्या गाड्यांच्या मालकांना विचारून केलेला असतो. रबर, सील, बेअरिंग, प्लास्टिकच्या टाक्या ह्यांची खरी परीक्षा त्याच्या पुढे सुरू होते. तेव्हा अनुभव सांगणाऱ्याला आधी विचारा, काय बदललं, कधी बदललं आणि का बदललं. सांगता आलं नाही तर तो अनुभव सोडून द्या.

आमच्या गाडीला चौदावं वर्ष चालू आहे. पाच सीटची, पेट्रोलवर चालणारी, हाताने गिअर टाकायची. ओडोमीटर दोन लाखांच्या पुढे गेलाय. दोन्ही मुलं तिच्यात लहान मुलांच्या सीटवर बसून मोठी झाली आणि आता थोरली तिच्यावरच चालवायला शिकतेय. ह्या गाडीवरून माझा आणि माझ्या थोरल्या दिरांचा जुना वाद आहे. त्यांचं म्हणणं, वॉरंटी संपली की गाडी काढून टाकायची, नंतर ती फक्त पैसे खाते. आमची एक गाडी चालू असताना त्यांनी चार बदलल्या. तो त्यांचा प्रश्न. पण घरात चारजण जमले की ‘वहिनीबाईंनी अजून तोच डबा ठेवलाय’ हे ते म्हणतातच, आणि ज्या प्रसंगाने ह्या वादाचा निकाल लागायला हवा होता तोसुद्धा त्यांनी मान्य केलेला नाही. तोच सांगते.

दीड लाख किलोमीटरच्या आसपास कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्राव) कमी व्हायला लागलं. हळूहळू. काट्यावर तापमान नेहमीचं, खाली कुठे ओल नाही, पण थंड इंजिनावर टाकीतली पातळी वरच्या खुणेवरून खालच्या खुणेकडे सरकलेली दिसायची. सर्व्हिस सेंटरला दाखवली. त्यांनी लिफ्टवर चढवून बघितली, बाहेर कुठे गळती दिसली नाही, आणि निदान दिलं की कूलंट आत जळतंय, हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड ह्यांच्यामधलं सील) गेलंय. हेड उतरवायचं, प्लेन करायचं, आणि उतरवल्यावर आणखी काय निघेल ते सांगता येत नाही. खर्चाचा अंदाज गाडीच्या तेव्हाच्या किमतीच्या जवळ जाणारा. वर सल्ला की एवढ्या जुन्या गाडीत कशाला घालता, एक्स्चेंजमध्ये द्या. हे सगळं त्या माणसाने माझ्या नवऱ्याकडे बघून सांगितलं. गाडीची वही माझ्या हातात होती.

ही वही पहिल्या दिवसापासून डॅशबोर्डच्या खणात असते. पेट्रोल कधी भरलं, ओडोमीटर किती, हवा, तेल, कूलंटची पातळी, काय बदललं, सगळं त्यात. मी विचारलं, गॅस्केट गेलंय तर गाडी पूर्ण तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरी वाफ का येत नाही? तेलाच्या झाकणाखाली दुधट फेस का नाही? इंजिन चालू असताना टाकीत बुडबुडे का दिसत नाहीत? ब्लॉक टेस्ट केलीत का? (टाकीच्या तोंडावर एक निळा द्राव धरतात. जळलेला वायू कूलंटमध्ये मिसळत असेल तर तो पिवळा पडतो. पाच-दहा मिनिटांचं काम आहे.) नव्हती केली. ‘मॅडम, अनुभवावरून सांगतोय.’

घरी येऊन वही उलगडली. गॅस्केटमधून कूलंट जळत असेल तर जेवढं रनिंग जास्त तेवढी घट जास्त असायला हवी. इथे उलटं होतं. लांबचा प्रवास झाला त्या आठवड्यात पातळी जवळजवळ जागच्या जागी, आणि गाडी जवळच्या जवळ फिरून रात्ररात्र थंड उभी राहिली तेव्हा उतरलेली. एकदा नव्हे, पानामागून पान तसंच. म्हणजे गळती उभ्या गाडीत होती. दीर तोपर्यंत गिऱ्हाईक घेऊन आले होते. मी नाही म्हटलं.

दुसऱ्या एका मेकॅनिककडे नेली. वयस्क माणूस, स्वतःचं छोटं गॅरेज. वहीतली ती पानं त्याने नीट वाचली. कूलंटच्या झाकणाच्या जागी हातपंप लावला, झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरली आणि थंड गाडी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी दाब पडलेला. मग टायमिंग बेल्टचं (आमच्या इंजिनात चेनचं काम करणारा पट्टा) कव्हर काढलं आणि सगळं दिसलं. कूलंट फिरवणाऱ्या वॉटर पंपाच्या खाली सुकलेल्या कूलंटचा पापुद्रा जमलेला होता.

पंपाच्या अंगाला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर यावं म्हणून. इंजिन बंद केलं तरी सिस्टिममध्ये दाब काही वेळ राहतो, धातू आकसत जातो आणि झिजलेलं सील तेव्हा सुटतं. तापलं की पुन्हा घट्ट बसतं. गळलेला थेंब कव्हरच्या आत आणि खालच्या प्लास्टिकच्या ट्रेवर सुकून जायचा, म्हणून जमिनीवर कधी डाग नाही. आणि सगळ्यांत चीड आणणारी गोष्ट ही की लाखाच्या सुमाराला टायमिंग बेल्ट त्याच सर्व्हिस सेंटरने बदलला होता आणि पंप मात्र जुनाच ठेवला होता. आमच्या इंजिनात पंप त्याच बेल्टवर फिरतो. बेल्टसाठी सगळं उघडलेलंच असतं, मजुरी तीच, फक्त पंपाची किंमत वाढते. शहाणा मेकॅनिक दोन्ही एकत्रच बदलतो. हा पंप जाम झाला असता तर बेल्ट तुटला असता, आणि अशा इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात. मग खरंच इंजिन गेलं असतं.

पंप, बेल्ट, टेन्शनर, थर्मोस्टॅट आणि नवीन कूलंट. सांगितलेल्या खर्चाच्या किरकोळ भागात काम झालं. त्याच इंजिनावर त्यानंतर पन्नास हजारांहून जास्त किलोमीटर झालेत, हेड आजतागायत उघडलेलं नाही. दीर म्हणाले, ‘नशीब तुमचं.’ नशिबाचा ह्यात काडीचा संबंध नाही. पातळी कधी उतरते आणि कधी उतरत नाही हे लिहून ठेवलेलं होतं, म्हणून कळलं. ती वही नसती तर चांगलं इंजिन असलेली गाडी ‘टिकली नाही’ म्हणून गेली असती, आणि कुणीतरी तुम्हाला इथे सांगितलं असतं की ह्या मॉडेलची हेड गॅस्केट जातात. मालकांचे अनुभव असेही तयार होतात, हे वाचताना ध्यानात असू द्या.

बाकी काय काय गेलं तेही सांगते. क्लच प्लेट एकदा. अल्टरनेटरचं बेअरिंग. सस्पेन्शनचे बुश आणि लिंक रॉड दोनदा. एका खिडकीची मोटर, एसीचा कंडेन्सर. बॅटऱ्या आणि टायर ठरल्या वेळी. एवढं चालतंच. गाडी रस्त्यात उभी राहिली असं एकदाच झालं, बॅटरीमुळे.

ह्यातलं बरंचसं आधी दिसतं, बघितलं तर. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतो. डॉट ४ ह्या प्रतीच्या फ्लुइडचा कोरा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी मुरल्यावरचा मानक आकडा १५५ वर येतो. म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचा, ब्रेक ‘चांगले लागतात’ म्हणून थांबायचं नाही. टायरच्या कडेला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं होतं. आणि गिअरबॉक्सचं तेल ‘आयुष्यभराचं’ असतं हे कुणी सांगितलं तर विचारा, कुणाचं आयुष्य? झेडएफ ही जर्मन कंपनी इतर कंपन्यांसाठी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवते. ती स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदला असं सुचवते. ‘आयुष्यभराचं’ हे धोरण वॉरंटीपुरतं गाडी ठेवणाऱ्यांना परवडतं. माझ्या दिरांना परवडतं. त्यांच्याकडून ती गाडी पुढे जो घेतो त्याला ते महागात पडतं.

दिरांचा आवडता दाखला त्या ग्रीक टॅक्सीवाल्याचा. ग्रेगोरियोस साखिनिडिस ह्यांची १९७६ ची मर्सिडीज २४० डी ४६ लाख किलोमीटर चालली आणि २००४ मध्ये कंपनीच्या संग्रहालयात गेली. ‘तेव्हाच्या गाड्या तशा होत्या, आता कुठे.’ पण त्या गाडीची इंजिनं पुन्हा पुन्हा बदलली गेली, हे ते सोडून देतात. अमेरिकेत अर्व्ह गॉर्डन ह्यांच्या १९६६ च्या व्होल्वोने २०१३ मध्ये ३० लाख मैल पुरे केले, तेही इंजिन मध्ये खोलून बांधलेलंच. दोन्ही गाड्या लांब चालायच्या, सतत गरम असायच्या, आणि त्यांच्याकडे रोज बघणारा एक माणूस होता. टिकवणं म्हणतात ते हे.

ह्याची दुसरी बाजूही आहे. तुमचा रोजचा प्रवास दोन-चार किलोमीटरचा असेल तर किलोमीटर कमी दिसतील पण इंजिन लवकर झिजेल. तेल पुरेसं तापतच नाही, त्यात मिसळलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही. अशा वापराला वर्षातून एकदा नाही, दोनदा तेल बदला. आणि पार्टिक्युलेट फिल्टरवालं (धुरातली काजळी अडवणारी जाळी असलेलं) डिझेल तर अजिबात घेऊ नका. फिल्टरमधली काजळी जळायला ६०० अंशांच्या आसपास तापमान लागतं, ते छोट्या फेऱ्यांत होत नाही आणि फिल्टर तुंबतो.

आणखी एक सांगायला हवं. आमची गाडी जुन्या रचनेची आहे. आजची छोटी टर्बो, थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारी इंजिनं माझ्यासारखीच वागवून माझ्याइतकी चालतील असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोल पडतच नाही, त्यामुळे तिथे कार्बन साचतो. काहींत टायमिंग बेल्ट तेलात फिरतो आणि त्याचे तुकडे तेलाची जाळी बुजवतात. घ्यायच्या आधी हे विचाराच.

गंज चेसिसच्या भारवाहू भागात शिरला असेल तर मीही गाडी ठेवणार नाही, इंजिन कितीही गोड असो. जुनी गाडी असेल तर एअरबॅगचा रिकॉलही तपासा. टाकाटा ह्या जपानी कंपनीच्या इन्फ्लेटरमधलं (एअरबॅग फुगवणाऱ्या भागातलं) अमोनियम नायट्रेट उष्णता आणि दमटपणाने वर्षानुवर्षं खराब होतं आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडतात. त्यात जगभर माणसं मेली आहेत. कंपनीच्या साइटवर चेसिस नंबर टाकून तपासता येतं. आमच्या गाडीत ईएससी (गाडी घसरायला लागली की ताब्यात आणणारी यंत्रणा) नाही, ही तिची खरी उणीव आहे आणि पुढची गाडी मी त्यासाठीच घेईन. दिरांनी ह्या मुद्द्यावर वाद घातला असता तर मला ऐकावं लागलं असतं. ते मात्र आजवर फक्त खर्च आणि बिघाड ह्यांवरच बोलत आलेत, आणि त्या बाबतीत वही माझ्या बाजूने आहे.

वापरलेली गाडी बघत असाल तर विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की तुम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. बॉनेटला हात लावून बघा, गरम असेल तर परत या. थंड इंजिन सुरू होताना जे आवाज करतं ते नंतर ऐकू येत नाहीत. तुमची रोजची फेरी किती लांबीची आहे आणि गाडी नवी घ्यायचीय की जुनी, हे प्रश्नात नाही. तेवढं लिहिलंत तर पेट्रोल, डिझेल की हायब्रिड हे तरी नेमकं सांगता येईल.