मोडीची ओढ आणि घराचा हप्ता

प्रश्न : मी अठ्ठावीस वर्षांची असून डोंबिवलीत राहते आणि अंधेरीच्या एका कंपनीत ग्राहकसेवा विभागात पाळीने काम करते. मोडी लिपीचे प्रशिक्षण घेतल्यापासून जुन्या कागदांनी मला झपाटले आहे. अलीकडेच आमच्या विभागातील बऱ्याच जणांना नारळ मिळाला. उद्या माझ्यावरही तीच वेळ येणार असेल, तर आजच राजीनामा देऊन मोडीला पूर्ण वेळ का वाहून घेऊ नये? वडील निवृत्त आहेत आणि घराचा हप्ता मीच भरते. पुढे यंत्रेच मोडी वाचू लागतील, ही धास्तीही आहे.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : राजीनामा देऊ नका. कंपनीने काढले, तर नियमानुसार काही रक्कम तरी हाती पडण्याची शक्यता असते. आपण होऊन सोडले, की तीही जाते. शिवाय हप्त्याची चिंता डोक्यावर असताना माणूस मिळेल ते काम घेतो आणि अभ्यास मागे पडतो. निष्ठा सिद्ध करण्यासाठी पगारावर पाणी सोडावे लागते, हा समज आपल्याकडे उगीचच रुजला आहे.

तुमच्या पत्रात ओढ आहे, पण कोणते कागद, कोणत्या काळातले आणि कोणासाठी वाचायचे, याचा उल्लेख नाही. ‘मोडी येते’ एवढ्यावर भागत नाही, कारण शिवकालीन, पेशवेकालीन आणि इंग्रजी अमलातील मोडीची वळणे निराळी आहेत. एकही शब्द न तोडता, आधी आखलेल्या शिरोरेषेखाली सलग धावणारे अक्षर, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हे नाहीत. अशा मजकुरात प्रशिक्षणवर्गातील सुबक तक्ता फारसा उपयोगी पडत नाही. त्यातच ‘सु॥ अशरीन मया व अलफ’ अशी सुहूर सनाची, म्हणजे अरबी शब्दांत वर्ष सांगणारी, कालगणना समोर आली, तर वीस, शंभर आणि हजार मिळून ११२० आणि त्यात ५९९ किंवा ६०० मिळवून इसवी सन १७१९-२० हे उलगडता आले पाहिजे. अक्षर लागले तरी फारसी शब्द अडतात, आणि शब्द उलगडले तरी महसुली व्यवहार कळावा लागतो. तेव्हा एक काळ आणि एक प्रकार निवडा. माझे मत विचाराल, तर एकोणिसाव्या शतकातील जमिनीची खते, म्हणजे खरेदीखत, गहाणखत असे दस्तऐवज घ्यावेत, कारण जुन्या मिळकतींच्या वादांत आणि घराण्यांच्या नोंदींसाठी ते वाचून हवे असणारी माणसे आजही आहेत.

२०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या प्रश्नावर नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने जुन्या कागदांतील कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि एरवी कोणी न विचारणाऱ्या मोडी वाचकांना ठिकठिकाणांहून बोलावणी आली. अशी लाट सांगून येत नाही आणि कायम टिकतही नाही. तिच्या भरवशावर घरखर्च बेतणे धोक्याचे. मात्र तेव्हा उपयोग झाला तो ज्यांनी मागणी नसतानाही हात चालू ठेवला होता त्यांचा.

आता तुमची खरी अडचण, जी तुम्ही लिहिलेलीच नाही. काळाघोड्याला एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत राज्याचे पुराभिलेखागार, म्हणजे जुन्या सरकारी कागदपत्रांचा संग्रह आहे. त्याचा आरंभ १८२१ सालचा. पण सरकारी कार्यालयांचा आठवडा २०२० पासून पाच दिवसांचा झाला आहे, म्हणजे शनिवार-रविवारच्या सुटीत तिथे जाऊन कागद पाहता येत नाहीत. तुम्ही पाळीने काम करता, हे इथे पथ्यावर पडेल : साप्ताहिक सुटी शनिवार-रविवारऐवजी मंगळवार किंवा बुधवार मागून घ्या. बहुतेकांना शनिवार-रविवारच हवा असतो, त्यामुळे वरिष्ठ फारशी खळखळ करणार नाहीत. लोकलमध्ये उभे राहून वाचन होत नाही, हे मी जाणतो. पण परवानगीने काढलेल्या एका छायाचित्रातील चार ओळी मोबाइलवर मोठ्या करून पाहणे गर्दी नसलेल्या गाडीत जमू शकते.

यंत्राबद्दल थोडक्यात सांगतो. यंत्र ढिगाऱ्यातून कामाचा कागद शोधून देईल आणि ते चांगलेच होईल. मात्र वाचन बरोबर आहे, असे म्हणून त्याखाली सही कोणी करायची, हा प्रश्न उरतोच. ती सही तुमची व्हायची असेल, तर आतापासून प्रत्येक लिप्यंतरात न लागलेल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह टाकत चला आणि जाणकाराकडून तपासून घ्या. अंदाजाने भरलेल्या एका शब्दाने खतातली चतुःसीमा, म्हणजे जमिनीच्या चारी बाजूंची हद्द बदलू शकते आणि त्याचा भुर्दंड कागद घेऊन आलेल्या कुटुंबाला बसतो. पहिली काही कामे तपासून घेतल्यावर मोबदला मागायला संकोच करू नका, आणि ते पैसे हप्त्यात न मिसळता वेगळ्या खात्यात ठेवा, म्हणजे या कामावर किती महिने घर चालेल, हे पुढच्या वर्षी तुम्हाला आकड्यांत दिसेल.