नैसर्गिक हक्क सांगणारे गुलाम कसे बाळगत होते?

प्रश्न : अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात 'सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत' असे लिहिणारे थॉमस जेफरसन स्वतः गुलामांचे मालक होते आणि सतराव्या शतकातील इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉक यांचा पैसा गुलामांच्या व्यापारात गुंतलेला होता, असे वाचनात आले. मग नैसर्गिक हक्कांचा, म्हणजे माणसाला जन्मतःच काही हक्क असतात असे सांगणारा, हा सारा विचार निव्वळ ढोंग मानायचा का?
— एक वाचक

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे. जेफरसन यांच्या मालकीत हयातभरात सहाशेहून अधिक माणसे होती. लॉक हे गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचे भागधारक होते. शिवाय ते अमेरिकेतील कॅरोलायना या इंग्लिश वसाहतीच्या मालकमंडळाचे सचिव असताना, १६६९ साली, त्या वसाहतीसाठी जी घटना तयार झाली, तिच्यात प्रत्येक स्वतंत्र माणसाला आपल्या कृष्णवर्णीय गुलामांवर संपूर्ण सत्ता देणारे कलम आहे.

तरीही 'ढोंग' एवढ्या एका शब्दावर हा प्रश्न मिटवू नये, असे मला मनापासून वाटते. ढोंगी माणसाचा विचार सरळ असतो, वागणे तेवढे वाकडे असते; येथे गाठ विचारातच बसलेली होती. लॉक यांनी जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता हे हक्क एकत्र मांडले, पण ज्या वसाहतींत कायद्यानेच माणसाला मालमत्ता ठरवले होते, तेथे यांतले पहिले दोन हक्क गुलामाच्या बाजूचे आणि तिसरा मालकाच्या बाजूचा झाला. फ्रान्सच्या १६८५ च्या 'कोड न्वार' या कायद्याने गुलामांची गणना जंगम मालमत्तेत केली होती, त्यामुळे मालक वारला की वाटणीच्या यादीत माणसेही येत. पुढे फ्रेंच क्रांतीतील १७८९ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यानेही पहिल्या कलमात माणसे जन्मतः स्वतंत्र व समान असल्याचे सांगितले आणि शेवटच्या, सतराव्या कलमात मालमत्तेचा हक्क पवित्र ठरवला.

मात्र त्या विचारवंतांचेच शब्द नीट लावून पाहिले तर मळ्यांवरच्या गुलामगिरीला त्यांत थारा मिळत नाही. न्याय्य युद्धातील कैद्यालाच काय ते गुलाम करता येईल, आणि जेत्याची ही सत्ता कैद्याच्या मुलांवर चालत नाही, असे लॉक लिहितात. त्यांच्याच नियमाने मळ्यावर जन्मलेले एकही मूल गुलाम ठरू शकत नव्हते. फ्रेंच भाषेत लिहिणारे तत्त्वज्ञ रूसो यांनी तर १७६२ साली स्पष्टच लिहिले की 'गुलामगिरी' आणि 'हक्क' हे शब्द परस्परविरोधी आहेत.

हे शब्द शब्दशः खरे मानले ते गुलामांनी. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स प्रांतातील शेफील्ड गावी जॉन ॲश्ली यांच्या घरात १७७३ साली गावातील प्रतिष्ठितांनी ब्रिटिश सत्तेविरुद्ध ठराव तयार केले, आणि निसर्गावस्थेत सर्व माणसे समान व स्वतंत्र असतात, असे त्यांत नमूद केले. त्याच घरात बेट नावाच्या एक गुलाम बाई राबत होत्या. पुढे मालकिणीने दुसऱ्या एका मुलीवर उगारलेला तापलेला फावडा बेट यांनी आपल्या हातावर झेलला. तो व्रण त्यांनी जन्मभर वागवला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, पण १७८० मध्ये राज्याची घटना आली आणि सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र व समान आहेत हे तिचे वाक्य त्यांनी ऐकले. मग हे वाक्य आपल्यालाही लागू होते, म्हणून त्यांनी वकील गाठला. हे वकील थिओडोर सेज्विक, म्हणजे ते ठराव लिहिण्यात ज्यांचा हात होता तेच. ऑगस्ट १७८१ मध्ये ज्यूरीने बेट यांना मुक्त ठरवले आणि तीस शिलिंग नुकसानभरपाई दिली. त्यांनी एलिझाबेथ फ्रीमन हे नाव घेतले. ॲश्ली यांनी पगारावर परत बोलावले, तेव्हा त्या गेल्या नाहीत.

न्यायालयाचा दरवाजा सगळीकडे असा उघडला नाही. फ्रान्सच्या सेंट-डोमिंग वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत, ऑगस्ट १७९१ मध्ये गुलामांना शस्त्र उचलावे लागले. त्या उठावाच्या रेट्याने ४ फेब्रुवारी १७९४ रोजी पॅरिसमधील सभेने सर्व फ्रेंच वसाहतींतील गुलामगिरी रद्द केली. नेपोलियनने १८०२ साली ती पुन्हा लादण्याचा मार्ग धरला, तेव्हा ही माणसे पुन्हा लढली आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. म्हणून नैसर्गिक हक्कांच्या विचाराचे श्रेय मोजताना लॉक आणि जेफरसन यांच्याबरोबर या लोकांची नावे घेतली पाहिजेत. ती अजूनही फार कमी घेतली जातात, याचे वाईट वाटते.

मालमत्तेचे ते कलम मात्र नंतरही आपला हिशेब वसूल करत राहिले. फ्रान्सने १८२५ साली स्वातंत्र्याला मान्यता देण्याच्या बदल्यात हैतीकडे पंधरा कोटी फ्रँक मागितले, ते बुडालेल्या मळेवाल्यांच्या भरपाईसाठी. वसाहतींतील गुलामगिरी रद्द करणाऱ्या ब्रिटनच्या १८३३ च्या कायद्यानेही दोन कोटी पौंड ठेवले ते मालकांसाठी. मुक्त झालेल्यांना त्यातले काहीच मिळाले नाही. उलट त्यांतील बहुतेकांना 'उमेदवारी'च्या, म्हणजे काम शिकण्याच्या मुदतीच्या, नावाखाली १८३८ पर्यंत त्याच मालकांकडे बिनपगारी राबावे लागले.