‘शेजारचा येऊन गेला, मग आमची का येत नाही?’

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या माझ्या मार्गदर्शन केंद्रात परदेशी शिकायला निघालेल्या मुलांपेक्षा अलीकडे तिकडे स्थिरावू पाहणाऱ्या मुलांचे आईवडीलच अधिक येतात, आणि बहुतेकांची विचारणा एकच असते: अमेरिकेत ग्रीन कार्डाचा, म्हणजे कायम राहण्याच्या परवानगीचा, अर्ज प्रलंबित असताना मुलांना घरी येऊन परत जाता येते का? इंदिरानगरच्या एका काकूंनी मात्र हाच प्रश्न तक्रारीच्या सुरात मांडला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) ओझरच्या एचएएल विमान कारखान्यातून निवृत्त झालेल्या काकांची बायपास तीन आठवड्यांवर आली होती आणि मुलगी ‘आत्ता निघता येणार नाही’ असे सांगत होती, त्याच सोसायटीतला एक मुलगा मात्र, त्याचाही अर्ज पडून असताना, दिवाळीला दहा दिवस राहून गेला होता. “लग्न झालं की मुली बदलतात हो मॅडम,” एवढेच काकू म्हणाल्या.

मी त्यांना आधी शेजारच्या मुलाविषयी विचारले. तो एच-१बी व्हिसावर नोकरी करतो, आणि एच-१बी व एल-१ (कंपनीतल्या बदलीचा व्हिसा) वर असलेल्यांना, तसेच त्यांच्या जोडीदारांना, त्यांचा तिथला वास्तव्याचा दर्जा आणि व्हिसा वैध असल्यास अर्ज न गमावता ये-जा करण्याची मुभा तेथील नियमांतच आहे. काकूंची मुलगी मात्र विद्यार्थी म्हणून एफ-१ वर गेली, तिथल्याच नागरिकाशी तिने लग्न केले आणि त्या आधारावर अर्ज भरला. एफ-१ वाल्यांना ती सवलत नाही. ॲडव्हान्स पॅरोल नावाचा प्रवास-परवाना हातात पडण्यापूर्वी ती देशाबाहेर पडली असती, तर तिने अर्ज सोडून दिला असे धरले गेले असते. दोन घरांची तुलना इथेच चुकते, आणि माझ्या अनुभवात या तुलनेने जेवढी मने दुखावली आहेत तेवढी प्रत्यक्ष नियमांनी दुखावलेली नाहीत.

काकूंना ते लगेच पटले नाही. “तिच्या पासपोर्टवर व्हिसा अजून जिवंत आहे, आणि हे कार्डही आलंय,” असे म्हणत त्यांनी मोबाइलवर मुलीच्या वर्क परमिटचा फोटो उघडला. मी तो बोटांनी मोठा करून त्यावरची बारीक इंग्रजी ओळ त्यांना वाचून दाखवली: ‘नॉट व्हॅलिड फॉर रीएंट्री टू यू. एस.’ म्हणजे या कार्डावर नोकरी करता येते, देशात पुन्हा शिरता येत नाही. राहिला एफ-१ व्हिसा. तो शिक्षण संपवून मायदेशी परतणाऱ्यासाठी असतो, आणि कायम राहण्याचा अर्ज करून बसलेली मुलगी तो दाखवून आत जाऊ लागली, तर विमानतळावरचा अधिकारी तिला तिथेच अडवू शकतो. काकू बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिल्या.

मुलीशी फोनवर बोलल्यावर खरी अडचण कळली. १ एप्रिल २०२४ पासून या प्रवास-परवान्याच्या आय-१३१ अर्जाला वेगळे शुल्क, त्या वेळी ६३० डॉलर, लागू झाले होते आणि ‘इतक्यात कुठे जायचंय’ म्हणून दोघांनी तो अर्ज भरलाच नव्हता. हे आईला सांगायची तिला लाज वाटत होती. एरवी या परवान्याला महिनोन्‌महिने लागतात. परंतु घरात गंभीर आजारपण असेल तर इमिग्रेशन खात्याच्या संपर्क केंद्राला फोन करून स्थानिक कार्यालयाची तातडीची वेळ मागता येते, आणि भरलेला अर्ज, शुल्क, फोटो व पुरावे घेऊन तिथे स्वतः जावे लागते. मंजुरीची खात्री नसते. मी वकील नाही, त्यामुळे पुढचे पाऊल तिने तिथल्या वकिलाला विचारूनच टाकावे, असे मी बजावले.

नाशिकच्या बाजूने करण्यासारखे काम एकच होते, ते म्हणजे डॉक्टरांचे पत्र. रुग्णालयाने आधी केस पेपरवरच दोन ओळी खरडून दिल्या होत्या. मी काकूंना पुन्हा पाठवले आणि लेटरहेडवर, इंग्रजीत, निदान, शस्त्रक्रियेची तारीख, डॉक्टरांची सही व शिक्का असे पत्र मागायला सांगितले. वडील-मुलीचे नाते दाखवायला जन्मदाखल्याची प्रत जोडली.

परवाना शस्त्रक्रियेच्या चार दिवस आधी मिळाला. मुलगी बारा दिवस राहिली. परत जाताना मुंबईच्या काउंटरवरच्या मुलाने पासपोर्टातला एफ-१ व्हिसा पाहून “हा आहे की,” म्हटले, तेव्हा तिने ठरल्याप्रमाणे परवान्याचा मूळ कागद पुढे केला. पलीकडे उतरल्यावर तिला वेगळ्या खोलीत दीड तास बसवून ठेवले. पॅरोलवाल्यांच्या बाबतीत हे नेहमीचेच आहे, परंतु आधी सांगून ठेवले नाही तर घरच्यांची रात्र जागून जाते. दुसऱ्या दिवशी काकूंनी मला तिच्या प्रवेश-नोंदीचा फोटो पाठवला, त्यात ‘डीए’ या दोन अक्षरांभोवती गोल काढला होता, आणि खाली विचारले होते, “हे काही वाईट नाही ना?” मी उत्तर पाठवले की तिला परवान्यावरच आत घेतल्याची ती खूण आहे.