खुराडं बांधण्याआधी

भाऊ, दहा गावरान कोंबड्यांना रात्रीसाठी सहा बाय चार फूट पुरतं. दिवसा फिरायला मात्र शंभरेक चौरस फूट जाळीबंद जागा ठेवा. खुराड्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम धरा, म्हणजे ऊन थेट आत घुसत नाही. खाली दीड फूट भिंत, वर छपरापर्यंत जाळी. पावसाळ्यात लोक चारही बाजूंनी ताडपत्री आवळतात, तिथेच घोळ होतो. विष्ठेचा अमोनिया आत कोंडतो, कोंबड्या शिंकायला लागतात. सकाळी दार उघडून वाका. डोळे चुरचुरले तर हवा कमी पडतेय. ताडपत्री फक्त झडीच्या बाजूला, तीही वर वीतभर फट सोडून.

आणि ती स्वस्तातली षटकोनी जाळी! तिने कोंबडी आत राहते, मुंगूस बाहेर राहत नाही. माझ्या तीन तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, भर दुपारी गेल्या, आम्ही जेवायला बसलो होतो. कोपऱ्यात नुसती पिसं. अर्ध्या इंच भोकांची वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्डिंगने जोडलेली जाळी, घ्या, फूटभर जमिनीत गाडा. दाराला कड्या दोन. बसायचा दांडा दोन इंच जाड, कडा घासलेला. पाण्याचं भांडं त्याच्याखाली नको. खाली अंथरलेलं भाताचं तूस ओलं झालं की त्याच दिवशी काढा.