मुंबईत १८१७ साली बांधलेलं ब्रिटिश नौदलाचं शिडाचं जहाज 'ट्रिंकोमली' अजून पाण्यात कसं टिकलं? असं जहाज धक्क्यावर जपायला काय लागतं?

सागवान हे अर्धंच उत्तर. मुंबईच्या जहाजबांधणी करणाऱ्या वाडिया घराण्याने हे जहाज मलबारी सागात बांधलं. युरोपी जहाजांच्या ओक लाकडातलं आम्ल लोखंडी बोल्ट खातं, सागातलं तेल उलट त्यांना सांभाळतं. पण त्या काळची इतर सागवानी जहाजं मोडीत निघालीच. ट्रिंकोमली वाचलं कारण ते कामात राहिलं: १९८६ पर्यंत, 'फूड्रॉयंट' या नावाने, मुलांचं प्रशिक्षण त्यावर चालायचं.

लाकडी जहाजाला खारं पाणी फारसं मारत नाही, पावसाचं गोडं पाणी मारतं. डेकच्या फळ्यांमध्ये ताग ठासून वरून डांबर ओततात. उन्हात फळ्या आकसल्या की डांबर कडेने सुटतं आणि पाणी खाली बरगड्यांच्या टोकांत मुरतं. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरते. बाहेरून रंग शाबूत, दाभण टोचलं तर मुठीपर्यंत आत जातं. म्हणून डेक समुद्राच्या पाण्याने ओला ठेवायचा, कोरड्या दिवशी हॅच (डेकमधली झाकणाची दारं) उघडे ठेवून तळापर्यंत वारा खेळवायचा. यात खंड पडला की पुढचा खर्च कैक पटींनी वाढतो.

मग आकार. तरंगताना दोन्ही टोकांना पाण्याचा उचल कमी मिळतो, त्यामुळे टोकं लवतात आणि कणा मध्यावर फुगतो. कोरड्या गोदीत उलटं, सगळं वजन टेकूंवर येतं. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथचं जुनं लाकडी युद्धजहाज 'व्हिक्टरी' १९२२ पासून गोदीत आहे. तिथे २२ पोलादी आधारांपाशी बुडाला ताण पडत होता, म्हणून आता १३४ टेकू लावलेत आणि प्रत्येकावरचा भार मोजला जातो.

ट्रिंकोमली १९८७ मध्ये इंग्लंडमधल्याच हार्टलपूल बंदरात नेलं, त्याला कारण होतं. 'वॉरियर' हे दुसरं जुनं युद्धजहाज नुकतंच तिथे दुरुस्त झालं होतं आणि कसबी कारागीर हाताशी होते. काम १९९० ते २००१ चाललं, तरी निम्म्याहून जास्त मूळ लाकूड राहिलं. ओस पडलेल्या गोद्यांच्या जागी जहाजाभोवतीच धक्का आणि संग्रहालय उभं राहिलं, त्यामुळे तिकिटाचा पैसा येतो.

आपलं जुनं विमानवाहू जहाज 'विक्रांत' २००१ पासून मुंबईत संग्रहालय होतं, पण नौदलाच्या गोदीत, म्हणजे लोकांना मोजकेच दिवस खुलं. कायमचा धक्का मिळाला नाही. २०१२ मध्ये बंद झालं, २०१४ मध्ये भंगारात गेलं. मला हे फार लागतं. पुढचं जहाज निवडण्याआधी जागा पक्की करा, बारमाही पगारावर सुतार ठेवा आणि दुरुस्तीचा निधी तिकिटाच्या हिशेबातून वेगळा काढा.