चार तोळ्यांचा बाण

प्रश्न : सर, नमस्कार. माझा मुलगा नांदेडला तुमच्या हाताखाली दोन वर्षं धनुर्विद्या शिकला. आता तो अमेरिकेत कोलोरॅडोला नोकरीला आहे. पुढच्या सप्टेंबरात तिथल्या मित्रांबरोबर एल्क नावाच्या मोठ्या हरणाच्या शिकारीला जायचं म्हणतो. तेही बंदुकीनं नाही, जुन्या पद्धतीच्या धनुष्यानं. आमच्या घरात माळ आहे, मला हे पटलेलं नाही. पण तो म्हणतो, “सरांना विचार, साठ पौंडाचा रिकर्व्ह घेऊ का लाँगबो?” म्हणून विचारते.
– एक आई, लातूर

उत्तर : ताई, पोरगा आठवतो. बाण सोडताना उजवं कोपर खाली पाडायचा, आणि बाण सुटला रे सुटला की मान वर करून बघायचा, कुठं लागला ते. दोन वर्षांत कोपर सुधारलं, मान काही सुधारली नाही. आधी त्याला विचारा, मान अजून वर होते का. होत असेल तर धनुष्याचं नंतर बोलू.

माळेचं म्हणाल तर मीही जनावरावर कधी बाण सोडलेला नाही. माझे सगळे बाण गवताच्या गादीत गेले. पुढं जे सांगतोय ते तीस वर्षं धनुष्यं घडवण्यातून आलंय, आणि थोडं किनवटच्या पुढच्या एका पोडावरच्या, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरच्या, कोलाम म्हाताऱ्याकडून. तो तरुण असताना शिकारीला बंदी नव्हती. मी माझा नवा कमठा त्याला मोठ्या कौतुकानं दाखवायला नेला होता. त्यानं कमठा बाजूला ठेवला आणि भात्यातला बाण काढून तळहातावर तोलला. “हलका आहे,” म्हणाला, आणि परत दिला. संपलं. पोरगा कमठ्याचं विचारतोय, मी बाणाचं सांगणार आहे, ते त्यामुळं.

साठ पौंड नको. पौंड म्हणजे दोरी ओढून धरायला लागणारं वजन. दोरी किती इंच मागं येते ती ओढ, आणि वजन २८ इंच ओढीवर मोजून धनुष्यावर लिहिलेलं असतं. दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत मोजा, अडीचनं भागा, म्हणजे आपली ओढ ढोबळमानानं कळते. माझ्या आठवणीप्रमाणं त्याची पसर ६६ इंच, म्हणजे ओढ साडेसव्वीसच्या आत. दर इंचाला दोन-अडीच पौंड कमी धरा. ५० पौंड लिहिलेलं धनुष्य त्याच्या हातात ४६ चं होतं. कोलोरॅडोचा नियम किमान ३५ पौंडांचा आहे, तेव्हा कायद्याला ४६ पुरतं, आणि एल्कलाही पुरतं, बाण नीट असेल तर. अलास्कात मूस (एल्कहून मोठं हरीण) आणि एल्कसाठी ५० पौंड मागतात. उद्या तिकडं जायची हुक्की आली तर हे ध्यानात ठेवावं.

आता साठाचा मोह कशामुळं होतो तेही सांगतो. पोरं दुकानात जातात, एकदा ओढून बघतात, जमतं. पण जंगलात पहाटे बोटं गारठलेली असतात, तासभर हलायचं नसतं, आणि मग अर्धवट वाकलेल्या अवस्थेत धनुष्य हळू ओढून क्षणभर धरायचं असतं. कंपाउंड नावाच्या नव्या धनुष्याला चाकं असतात, पूर्ण ओढल्यावर वजन निम्म्याहून जास्त उतरतं. रिकर्व्ह (टोकं पुढं वळलेलं) आणि लाँगबो (लांब, सरळ) यांत ती सवलत नाही, पूर्ण ओढल्यावर पूर्ण वजन बोटांवर. न झेपणारं धनुष्य माणूस घाईनं सोडतो. त्याचं कोपर परत खाली येईल ते यातच.

रिकर्व्ह की लाँगबो, यात मी फार वेळ घालवत नाही. त्यानं तीन तुकड्यांत सुटं होणारं, साठ-बासष्ट इंचांचं रिकर्व्ह घ्यावं. मधली मूठ एकच, वरचे-खालचे हात बदलता येतात. आज ३५ पौंडांचे हात लावावेत, सहा महिन्यांनी ५० चे. लाँगबो दिसायला देखणा, झाडीत मात्र लांब पडतो आणि सोडल्यावर हाताला हिसका देतो. मला स्वतःला लाँगबो आवडतो, पण प्रश्न माझ्या आवडीचा नाही. दोरीचं एकच बघावं : जुन्या बनावटीच्या किंवा अख्ख्या लाकडाच्या धनुष्याला डॅक्रॉनचीच, म्हणजे थोडी ताणणाऱ्या पॉलिएस्टर धाग्याची, दोरी. नवी न ताणणारी दोरी टोकं मजबूत केलेली असतील तरच, नाहीतर टोक फुटतं. आणि बाण न लावता दोरी कधीही सोडायची नाही, हे त्याला मी सांगायला नको. एकदा त्यानं सोडली होती, मैदानाला पाच चकरा मारल्या होत्या.

आता बाण. तिकडं बाणाचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. एका ग्रॅमचे १५.४३ ग्रेन. मोठ्या जनावरासाठी धनुष्याच्या दर पौंडामागं निदान दहा ग्रेन, आणि माझं मत विचाराल तर त्याहून जास्तच. ४६ पौंडाला मी ६०० ग्रेनच्या आसपासचा बाण देईन. ६०० ग्रेन म्हणजे ३९ ग्रॅम. आपल्या सराफाच्या हिशेबानं चार तोळ्यांना एक ग्रॅम कमी. मी माझे बाण सराफाच्याच काट्यावर तोलतो, सराफ हसतो, पण काटा खरा असतो. बारा बाणांत अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त फरक नको.

एवढा जड का? वेगवान गोलंदाजाचा चेंडू १६० ग्रॅमचा, ताशी १३० किलोमीटरनं आला तर त्यात शंभर ज्यूलच्या वर ऊर्जा असते. आपला चार तोळ्यांचा बाण असल्या धनुष्यातून सेकंदाला साधारण ४६ मीटर जातो. ऊर्जा निघते चाळीस-एक्केचाळीस ज्यूल, चेंडूच्या निम्म्याहून कमी. चेंडू मांडीवर लागला तर काळं-निळं होतं, तेवढंच. बाणाच्या जोरानं जनावर कोसळत नाही. जनावर मरतं ते रक्त वाहून, आणि रक्त वाहतं ते बाणाच्या टोकावरच्या पात्याच्या धारेनं. म्हणजे धनुष्याचं काम एवढंच, की धार दोन्ही फुप्फुसांतून आरपार न्यायची. हलका बाण वेगानं निघतो आणि अंगात लवकर अडतो, जड बाण रेटत राहतो. वर जड बाणानं धनुष्याचा आवाजही दबतो. हरीण आवाजानं दचकून बाण पोचायच्या आत जागा बदलतं, म्हणून हा फायदा लहान नाही. एड ॲश्बी नावाच्या माणसानं दक्षिण आफ्रिकेत मोठ्या जनावरांवर बाणांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. जाड हाड फोडायचं असेल तर ६५० ग्रेनच्या आसपासचा बाण हवा, असं त्याचं म्हणणं. पोरानं ६५० चा केला तरी माझी हरकत नाही.

पातं दोन धारांचं, पक्कं, कातडीला टेकताच कापायला लागणारं. उघडमीट होणारी यांत्रिक पाती असल्या धनुष्याला नकोत, उघडण्यातच जोर खातात. कोलोरॅडोत पात्याची रुंदी किमान ७/८ इंच लागते. विकतच्या पात्याची धार मी धार धरत नाही. कानशीनं दोन्ही बाजूंनी सारखा उतार काढायचा, मग दगड, आधी खरबरीत मग गुळगुळीत, प्रत्येक घासणीला पाण्याचा थेंब. नखावर आडवं टेकवून बघायचं : घसरलं तर धार नाही, रुतलं तर आहे. शेवटी न्हाव्याकडं असतो तसल्या चामड्याच्या पट्ट्यावर वीस-वीस हात. मनगटावरचे केस पाणी न लावता उतरले पाहिजेत. मी एका पात्याला पाऊण तास घेतो. आणि ते पातं एकदा गवताच्या गादीत गेलं की परत पाऊण तास, म्हणून सरावाची पाती वेगळी.

बाणाच्या काडीचा ताठपणा हे सगळ्यात दुर्लक्षित प्रकरण. बाण सुटताना धनुष्याच्या मुठीला वळसा घालून, माशासारखा वळवळत निघतो. काडी फार ताठ किंवा फार मऊ असली तर तो तिरका पोचतो, आणि तिरका बाण कितीही जड असो, आत जात नाही. लाकडी काडी घरी तपासता येते. भिंतीला २६ इंच अंतरावर दोन खिळे ठोकायचे, त्यावर काडी आडवी ठेवायची, मध्ये दोन पौंड टांगायचे. मी किराणा दुकानातली वजनं वापरतो, पाचशेचं एक आणि दोनशेची दोन, थोडे ग्रॅम कमी पडतात, चालतं. काडी मध्ये जितके इंच झुकली त्यानं २६ ला भागायचं. अर्धा इंच झुकली तर ५२, म्हणजे साधारण ५२ पौंडांच्या धनुष्याची काडी. पातं जड केलं की काडी सुटताना मऊ वागते, काडी कापून आखूड केली की ताठ. शेवटचा निकाल पिसं न लावलेल्या बाणाचा : दहा पावलांवरून मारायचा, उजव्या हाताच्या माणसाचा बाण शेपूट उजवीकडं करून रुतला तर काडी मऊ आहे, डावीकडं केली तर ताठ. दोन-तीन ताठपणांच्या काड्या आणून हा खेळ रविवारभर करावा. पिसं खरीच हवीत, टर्कीची. प्लास्टिकचं पीस मुठीच्या कठड्यावर आपटून बाण उडवतं.

अंतर. जेवणाच्या पत्रावळीवर आठ इंचांचं वर्तुळ काढायला सांगा. रोज सकाळी, हात गरम न करता, एकच बाण. दहा दिवस ओळीनं पहिलाच बाण ज्या अंतरावरून वर्तुळात गेला ते त्याचं अंतर. बहुतेकांचं वीस यार्डांच्या, म्हणजे अठरा मीटरच्या आत निघतं. बाविसावर एल्क उभा असेल तर तो एल्क आज त्याचा नाही. जनावर पूर्ण आडवं किंवा किंचित पाठमोरं उभं हवं. घोड्याला तंग जिथं बांधतात तिथं, पुढच्या पायाच्या लगेच मागं, उंचीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात. समोरून नाही, पाठीमागून नाही. नंतर अर्धा तास जागचं हलायचं नाही. बाण पोटात लागल्याची शंका असेल तर कितीतरी तास. मान वर करून धावत सुटणाऱ्यांचं जनावर मैलभर पळतं आणि कोल्ह्यांना मिळतं.

परवान्याची कामं तो करेलच. १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला तिथं शिकारीचं सुरक्षा प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं, म्हणजे त्यालाही लागणार. आणि ताई, तुमच्यासाठी एक : तिथं मारलेल्या जनावराचं खाण्याजोगं मांस वाया घालवणं हा गुन्हा आहे. माळेला ते चालायचं नाही, मला माहीत आहे. पण शिंगं, कातडं काही लातूरला आणू नकोस, एवढं तुम्ही त्याला दरडावून सांगा.

प्रश्न : भोकर तालुक्यात शेत आहे. हरभरा आणि मका रानडुकरं रात्रीतून लोळवतात, दिवसा रोही चरतात. आमच्याकडं आजोबापासूनचा तिरकमठा आहे. डुक्कर पाडायला किती पौंडाचा लागेल?
– एक शेतकरी, जि. नांदेड

उत्तर : दादा, एकही पौंड नाही. वरचं उत्तर वाचून कुणी कमठा उचलू नये म्हणून तुमचं पत्र मुद्दाम याच अंकात घेतलंय. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ९ नं शिकार बंद आहे. फास लावणं, विष घालणं आणि नुसता प्रयत्न करणं हेही कायद्यानं शिकारच. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तिच्यात रानडुक्कर अनुसूची २ मध्ये आहे. उभ्या पिकाला धोकादायक झालेल्या डुकराबाबत कलम ११ खाली परवानगी मिळू शकते, पण ती मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी लेखी देतो. सरपंचाच्या तोंडी हो ला काही अर्थ नाही.

तुम्ही करायचं ते हे : नुकसान दिसलं त्याच दिवशी वनरक्षकाला कळवा, तुडवलेल्या पिकाचे आणि खुरांचे फोटो काढा, सातबारा जोडून अर्ज द्या आणि पंचनामा होईपर्यंत शेत नांगरू नका. पुष्कळ जण घाईनं नांगरतात आणि मग दाखवायला काही उरत नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी ऐका : थोराड नराच्या खांद्यावर कूर्चेसारखं चिवट कातडं ढालीसारखं वाढलेलं असतं. गावठी बाण त्यात अडकतो, आणि अंधारात जखमी डुक्कर तुमच्याकडंच येतं.

प्रश्न : दाराच्या वर आजोबांचा बांबूचा कमठा खुंटीला आहे, दोरीही बांबूच्या सालपटाचीच. या दसऱ्याला शस्त्रपूजेनंतर एक बाण मारावा अशी पोरांची इच्छा. मारू का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : आधी खुंटीखालची भिंत बघा. पिवळसर, पिठासारखा भुसा पडलेला असेल तर आत भुंगा आहे, मग हळद-कुंकू लावून परत टांगा. भुसा नसेल तर बाहेरची गुळगुळीत साल बोटांनी टोकापासून टोकापर्यंत चाचपा. ओढताना सगळा ताण त्या सालीवर येतो, तिथं नखाएवढी जरी आडवी चीर लागली तरी ओढायचा नाही. चीर नसेल तर आठ दिवस कच्चं जवसाचं तेल चोळा, नवी सुती किंवा तागाची दोरी वळा, जुनं सालपट उतरवून कपाटात ठेवा. पहिल्या दिवशी चार इंच ओढा, दुसऱ्या दिवशी सहा. दोन्ही हात सारखे वाकतात का ते कुणाला तरी समोरून बघायला लावा. अर्ध्या ओढीच्या पुढं जाऊ नका, पोरांना तेवढ्यातही आनंद होतो.

आणि परभणीच्या उन्हात तो मोटारीत ठेवू नका. माझं थर चिकटवलेलं एक धनुष्य मे महिन्यात दुपारभर डिकीत राहिलं. संध्याकाळी बाहेर काढलं तर वरच्या हाताचे थर सुटून पोथीच्या पानांसारखे उघडले होते.